पडद्याकडं तोंड नको

— नाय, नाय, ‘रिकामं हाय’ असं ह्या दुकानात म्हणायचं नसतं, विश्वजीतराव. ठेव. आधी ठेव ते काउंटरवर. तोंड भिंतीकडं. पडद्याकडं नाय रे बाबा, भिंतीकडं — पडद्यामागं माझी सून बसती, तबस्सुम, रजिस्टर लिहिती बिचारी, तिनं तुझं काय वाकडं केलंय? हां. अन् ट्रिगरवरचं बोट काढ. बोटाला बसायला दुसरी जागा नाय का? काय म्हणलास? पिस्तूल तुझं हाय? व्हय की, तुझंच हाय. लायसन तुझं, पिस्तूल तुझं, बाहेर ती काळी गाडी उभी हाय ती तुझी, गाडीत दोन दोस्त दात काढून बसलेत ते बी तुझेच. फक्त अक्कल कुणाकडं ठेवून आलास ते तेवढं सांग, म्हणजे फोन करून मागवून घेऊ.

हसू नकोस. तुझे वडील, तात्यासाहेब, पडेगावहून सायकलीवर यायचे, बारा बोअरची डबल बार खांद्याला गोणपाटात गुंडाळून. डुकरं यायची मक्यात. दुकानात पाय ठेवायच्या आधी उंबऱ्यावरच बंदूक बिजागरीत मोडून उघडायचे, दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचे, मग आत. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. अन् तू? तू आल्या आल्या काय केलंस — आरशात बघितलंस. पिस्तूल कमरेला लावून, आडवा होऊन, उभा होऊन. म्हणे, चाची, जॅकेटातून दिसतंय का? दिसतंय, बेटा, लई दिसतंय. पोट बी दिसतंय.

बरं, आता पुन्हा. चौथ्यांदा सांगते, तबस्सुमचं पाठ झालं असंल आत. हे अंगठ्यापाशी बटण — हे दाबलं की मॅगझिन, काडतुसांची डबी, निसटून खाली येतं, म्हणून दुसरा हात खाली धरायचा, नायतर पायावर आपटून घेशील. हा वरचा भाग, मागं ओढतात तो, स्लाइड. ही बारकी खिट्टी सेफ्टी — अन् सेफ्टीवर माझा भरवसा नाय, तुझा बी नको. खिट्टीच हाय ती, तुझी आई नाय तुला सांभाळायला. हा मागचा घोडा, स्लाइड ओढली की चढतो, ट्रिगर दाबला की खाली आपटतो. अन् हे नळीच्या बुडाशी भोक दिसतंय, ते चेंबर. काडतूस मॅगझिनमधून वर येतं अन् इथं बसतं. मॅगझिन काढलं तरी इथलं काडतूस इथंच राहतं. समजलं? व्हय? तोंडानं सगळेच व्हय म्हणतात.

म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची. मग बघायचं. मग करंगळी घालून चाचपायचं, कारण डोळा फसवतो. ह्या क्रमानं. उलटं केलंस तर काय होतं? आधी स्लाइड ओढली — चेंबरमधलं टुण्णदिशी बाहेर उडालं, तुला वाटलं झालं काम — पण खाली मॅगझिन भरलेलंच हाय ना, त्यातलं दुसरं गुपचूप वर येऊन बसलं. मग तू मॅगझिन काढतोस, खिशात घालतोस, अन् छाती फुगवून म्हणतोस ‘रिकामं हाय’. अन् ते भरलेलं असतं, घोडा चढलेला असतो. आत्ता तीनदा हेच केलंस तू. ही नकली काडतुसं हायत, पितळेची, आत बारूद नाय, म्हणून तुझे नखरे चाललेत. माझ्यासमोर, मी एक शब्द न बोलता, लागोपाठ तीनदा बरोबर केलंस की घेऊन जा. नाय केलंस तर पिस्तूल तिजोरीत राहील. तुझ्या दोस्ताची, त्या शिवराजची, हळद पाच वाजता असू दे नायतर दोनला. चिकलठाण्याला डीजे वाजला म्हणून माझं घड्याळ पुढं सरकत नाय. अन् हळदीत ह्याचं काम तरी काय? नवरदेवाला हळद लावतात रे, शिसं नाय लावत. वर करून एक बार काढणार, दोस्त व्हिडिओ काढणार, वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येणारच — कुणाच्या पोरीच्या डोक्यात येती ते व्हिडिओत नसतं. मान हलवू नकोस. मला समद्यांची तोंडं पाठ हायत.

दसरा झाला ना आत्ता, तर बघ, तुझ्यासारखे सात जण आले साफसफाईला. एकाच्या नळीत कुंकू. एकाच्या मॅगझिनच्या खाचेत झेंडूची पाकळी. एकानं तर स्लाइडला गोडं तेल लावलेलं, खमंग वास येत होता, फोडणीच द्यायची राहिली होती. पूजा करा, कोण नाय म्हणतं? पण खंडेनवमीला हत्यार पाटावर मांडताना ते मोकळं करून मांडावं एवढं तरी. नाय. ते म्हणे अपशकुन. रिकामा कलश मांडत नाय, ओटी रिकामी ठेवत नाय, मग हत्यार रिकामं कसं मांडायचं — असं मागं एका दसऱ्याला त्या पुंजारामची आई म्हणली, अन् त्यानं ऐकलं. पन्नाशीचा घोडा, फर्दापूरला हॉटेल, लेणी बघायला आलेले गोरे साहेब त्याच्याकडं उतरायचे, दोन भाषांत भाव करायचा — पण आईनं सांगितलं म्हणून मॅगझिन भरलं, एक चेंबरमध्ये चढवलं, वर हळदकुंकू. अन् दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी तेच पिस्तूल घेऊन इथं आला साफ करायला. तू उभा हायस तिथंच उभा होता. आधी स्लाइड ओढली. एक उडालं. मग मॅगझिन काढलं, पिशवीत टाकलं. म्हणे, चाची, रिकामं हाय. तुझ्यासारखंच. तुझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं, एवढंच.

काय झालं म्हणजे? अकरा वर्षं झाली. माझे घरवाले, अफजलमियाँ, गेले. त्या पडद्यामागं चहा गाळत होते. पुंजारामच्या हातून गोळी सुटली, पडद्यातनं गेली. दीड वर्ष आत बसून आला तो, लायसन गेलं, हॉटेल भावानं घेतलं. बरं झालं. मूर्ख माणसाच्या हातात हत्यार म्हणजे — जाऊ दे. घे, सीताफळ खा. खा की, गोड असतील, डोंगरातली हायत, अजिंठ्याकडची. कुणी पाठवली? पुंजारामनंच. दरसाल पाठवतो, बसनं, टोपली भरून. व्हय, घेते मी. का नाय घ्यायची? फळानं काय केलं? तू पिस्तूल शिकायला आलायस का माझी झडती घ्यायला? मी खाते का? नाय खात. नाय आवडत मला. बिया लई असतात.

चल, उचल. मी बोलत नाय आता. बघ, तोंडावर हात ठेवला.

...

स्लाइड. आधी स्लाइडच ओढलीस ना रे. आता मॅगझिन. शाबास. अन् आता काय — ए, ए, इकडं — पडद्याकडं नको —

...

काय नाय ग, तबस्सुम. काय नाय. नकली हाय. बस तू. नाय नाय, बाहेर येऊ नको, बस.

ऐकलंस? ‘टक्’ झालं. बस एवढंच, ‘टक्’. घोडा खाली बसला. त्यासाठीच दाबलास ना ट्रिगर? ठाऊक हाय मला. घोडा चढलेला दिसला की हात शिवशिवतो, घोडा चढलेलं पिस्तूल ठेवू नये असं वाटतं, समोरचा रिकामं हाय म्हणालेला असतो, मॅगझिन बाजूला काढलेलं डोळ्यानं दिसत असतं, दुकानात गर्दी असती, दसऱ्यानंतरची, काउंटरवर पाच हत्यारं — तू काय स्लाइड ओढून बघणार? तीस वर्षं हेच काम केलेलं असतं. एका हातानं उचलायचं, दाबायचं, ‘टक्’, ठेवायचं, पुढचं. नळी कुठं बघती ते बी बघत नाय तू. अन् त्या दिवशी ‘टक्’ नाय झालं. मनगट हे असं मागं आलं माझं, अन् मी आधी काय विचार केला ठाऊक हाय? की पुंजारामला शिव्या घालायच्या, कान बधिर झाले म्हणून. आत कपबशी पडली तवा कळलं. तो माझ्या आधी पळाला पडद्याकडं. बाहेर आला, माझ्या हातातनं पिस्तूल काढून घेतलं, अन् म्हणतो, चाची, भरलेलं मी आणलं, तुम्ही कायबी बोलू नका, पोरगं दहावीला हाय तुमचं. पोलीस यायच्या आत समदं ठरवून टाकलं त्यानं. गाढव कुठला. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणी मागितलं होतं? वर सीताफळं पाठवतो —

काय बघतोस?

असं काय बघतोस, मी काय म्हणले? जबाबात लिहिलंय ना, पुंजारामच्या हातून सुटली. तेच म्हणले मी. लिहिलेलं खरं असतं.

...

ठेव ते आता. कुणी उचलायला सांगितलं? मी काय — हां. मॅगझिन. खाली हात धरलास. आता स्लाइड. उडालं बाहेर, व्हय. धर तशीच मागं. उजेडाकडं. बघ. घाई नको. करंगळी. आता भिंतीकडं तोंड करून ठेव.

बोलला नायस तू ह्या खेपेला. ‘रिकामं हाय’ नाय म्हणलास. बरं केलंस.

एकदाच झालं हे. तीनदा ठरलंय. राहिलेलं दोनदा, हळद झाल्यावर, लग्न झाल्यावर, कधी बी ये. आज नाय देणार मी. दोस्तांना सांग, म्हातारी सटकलीये, चालतंय मला. अन् ही टोपली उचल, तात्यासाहेबांना दे, मी दिली म्हणून सांग. कुणी पाठवली ते नको सांगू. मला नाय जात घशाखाली, अकरा वर्षांत एक नाय गेलं.

करंगळी घातलीस ना आत? नीट घातलीस? एवढंच असतं बघ, एवढंसं भोक, एक बोट, मी जर त्या दिवशी — जा. जा म्हणते ना.