लुसुंगुची वल्ही

नाव: टियोंगे चिर्वा, वय ४३ वर्षे, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार न्खाता बे (सरोवरकाठ), मलावी.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वल्ही मीच नेली. चोरी म्हणायची तर म्हणा. तक्रारदार लुसुंगु हा माझा सख्खा धाकटा भाऊ, मासेमारी करतो. तो आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. दार उघडं ठेवा, मला तो दिसला पाहिजे.

त्याची बायको एनेलेसी बाळंतपणात गेली, त्याला तीन महिने झाले. गेल्या शनिवारी त्याने आपलं जाळं शेजाऱ्याला देऊन टाकलं. आमच्यात कोळ्याचं जाळं त्याच्या मयतीनंतर घरचे देतात, जितेपणी कोणी देत नाही. पण रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेत त्याच्या दानाचं कौतुक केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला मेलीला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी सकाळी तो होडी धुताना दिसला. जाळं नाही, मग होडी कशाला? मी आत्याला घेऊन तशीच काठावर धावले. जीव द्यायला निघालेल्याला कायदा आत टाकतो म्हणतात; यापुढचं लिहून त्यालाच आत टाकणार असाल तर कागद फाडा. हवालदारसाहेब नाही म्हणाले, म्हणून सांगते.

मी सरळ विचारलं, "लुसुंगु, जीव द्यायचं मनात आहे का?" न्यामोने आत्या ओरडली, "अगं, असलं बोलून त्याच्या डोक्यात भरवशील!" मी म्हटलं, "ते आधीच भरलंय, आत्या. गप बस." तो म्हणाला, "हो, ताई." मग पुष्कळ रडला. मी रागावले नाही, देवाधर्माचं सांगितलं नाही. ऐकत बसले.

दोन्ही वल्ही त्याच दुपारी माझ्या घरी नेली. तेव्हापासून त्याला एकटं सोडलेलं नाही. दिवसा आत्या, रात्री मी. मंगळवारी दवाखान्यात नर्सबाईंकडे नेलं, उद्या परत जायचं आहे. आज तो माझ्याशी कडाकडा भांडला आणि तरातरा इथे आला, मी मागोमाग. वाटेत चारचौघांत मला चोरटी म्हणाला. म्हणू दे.

वल्ही केव्हा परत देणार असे विचारल्यावरून सांगते की, नर्सबाई आणि तो स्वतः, दोघं हो म्हणतील तेव्हा. पहिल्या खेपेला होडीत मी बसणार. मला पोहता येत नाही, हे त्याला माहीत आहे.

वरील मजकूर दार उघडे ठेवून मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी तक्रारदार बाकावरून उठून दारात आला व म्हणाला, "साहेब, एक चूक आहे. वल्ही दोन नाहीत, तीन आहेत. तिसरं मी लव्हाळ्यात लपवलंय. ताई, चल, दाखवतो."

त्याप्रमाणे दुरुस्ती केली. बाकी सर्व बरोबर आहे.

सही: टियोंगे चिर्वा
दुरुस्ती सांगणार: लुसुंगु चिर्वा