कागदाचीच होती

मी पेणजवळच्या जोह्याची. जन्म इथला, सासरही इथलंच. आमच्या गावात पोर चालायला लागलं की गणपतीच्या कारखान्यात जातं, तसे आम्ही तिघंही गेलो, मी सुमन, माझा थोरला भाऊ गजादादा आणि धाकटा नरेश. वडील लवकर गेले, मग कारखाना दादानंच ओढला. आता मी सत्तेचाळीस वर्षांची हाय. तुम्ही लिहून घेताय तर सगळं लिहा, ताई, मधलं गाळू नका. गाळायचं काम मी सत्तावीस वर्षं केलंय.

चैत्रात आमच्या देवाची जत्रा असते आणि जत्रेला गावचीच माणसं लढाईचं नाटक करतात. तलवारी करायचं काम माझ्याकडं असायचं. जुन्या पेपरच्या पट्ट्या, मैद्याची खळ, खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. कागदावर कागद चिकटवायचा, पाटाखाली दाबायचा, उन्हात वाळवायचा, परत चिकटवायचा, आठ दिवस तेच. वरून मुकुटाचा उरलेला चंदेरी रंग, मुठीला करवंटी. लांबून बघाल तर खरीच वाटेल. पण काय सांगू तुम्हाला, कागद तो कागद, चार वारांत मान टाकायचा. एका वर्षी नरेशची तलवार भर लढाईत वाकली आणि पुढं बसलेली माणसं ओरडली, अरे शेवग्याची शेंग घेऊन आलास काय, आमटीत घाल तिला! आय तर तोंडाला पदर लावून हसत होती. नरेश कोवळा, त्याला ते फार लागलं. पुढच्या जत्रेआधी माझ्या मागंच लागला, सुमे, यंदा वाकली नाय पायजे गो, एवढं कर माझ्यासाठी.

आता मूर्तीचा हात भरताना आम्ही साच्यात लोखंडाची सळी घालतो, छत्रीच्या काडीएवढी, नायतर हात मनगटात तुटतो. हाताला सवयच ती. मी तशी सळी नरेशच्या तलवारीत घातली. एकाच तलवारीत. टोकाला दोन बोटं नुसता कागद ठेवला, म्हटलं झालं. नरेशलाही बोलले नाय, बोलले असते तर तो बिचकून खेळला असता. त्यानं हातात घेऊन फिरवली, म्हणाला, कशी ताठ हाय, किती थर दिलेस गो? मी म्हटलं, नऊ.

त्या दिवशी सकाळी दोघा भावांचं वाजलं होतं. नरेशला रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत लागायचं होतं, दादा म्हणत होता, मग कारखाना काय मी एकटा डोक्यावर घेऊ? अख्ख्या आळीनं ऐकलं. दुपारी देवळात तालीम. दादा शत्रूचा सरदार, नरेश मावळा, मी खांबाला टेकून बसलेली. रोजच्या तालमीनं टोकाचा कागद झिजला होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाय. माझ्या यायला पायजे होतं. नरेशनं तलवार पुढं केली, दादाला ढाल उचलायला उशीर झाला, आणि टप, एवढासाच आवाज. दादा खाली बसला. डाव्या डोळ्यावर हात आणि बोटांतून रक्त.

सगळे दादाकडं धावले. मी तलवारीकडं धावले. हे लिहा, ताई. मी तलवारीकडं धावले.

कारखान्यात नेऊन कागद फाडला, चुलीत घातला, आणि सळी दुमडून समोरच्या साच्यात, मूर्तीच्या हातात भरून टाकली. ती मूर्ती कुणाच्या घरी बसली, कुठल्या पाण्यात गेली, माहीत नाय. खाडीला ओहोटी लागली की मोडके हात उघडे पडतात, त्यातनं सळया बाहेर आलेल्या असतात. मी त्या वाटेनं जात नाय.

डोळा गेला. पेणच्या डॉक्टरनं विचारलं, कशानं लागलं? आय माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, कागदाचीच होती. एवढंच बोलले. पण तेवढ्यानं काय झालं बघा. कागदानं डोळा जातो म्हणजे मारणाऱ्यानं किती जोर लावला असेल, लोक म्हणाले, सकाळचा राग दुपारी काढला. दादालाही ते पटलं. नरेश महिन्याभरात रोह्याला गेला तो गेलाच. भाऊबीजेला मी सकाळी दादाला ओवाळायची आणि दुपारची एसटी धरून रोह्याला नरेशला ओवाळायला जायची. दादापुढं निरांजन फिरवताना तो मिटलेला डोळा माझ्याकडं बघायचा. हसाल तुम्ही, पण बघायचा.

मूर्तीचे डोळे काढतात त्याला आम्ही आखणी म्हणतो. माझा हात स्थिर, सगळे म्हणायचे, सुमे, तू आखणीला बस. मी पीतांबर रंगवले, दागिने रंगवले, आखणीला कधी बसले नाय. एकदा ब्रश धरला तर कानात टप वाजलं.

यंदा आय गेली. नरेश आला तर दादानं त्याला दारात येऊ दिलं नाय, तो स्टॉपवर उभा राहून रडला. आय गेली ती एका पोरानं दुसऱ्याचा डोळा फोडला हेच मनात घेऊन. तेरावं झालं आणि मी रोह्याला गेले. नरेश शिफ्टवरनं येऊन नुकता बसला होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, सळी केवढी होती? मी म्हटलं, छत्रीच्या काडीएवढी. म्हणाला, मला वाटायचं माझ्याच मनात होतं ते, राग होताच ना मला. मग पायातले बूट काढत म्हणाला, आयला तरी सांगायचंस गो.

दुसऱ्या दिवशी दादाला सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, म्हणाला, त्याला फोन लाव. लावला. दादा म्हणाला, अरे, मी हाय. घरी ये. फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, सुमे, आता तू जा. तेव्हापासून माझ्याशी बोलला नाय.

यंदा भाऊबीजेला नरेश बायकोपोरांना घेऊन दादाकडं जेवायला आला. मला बोलावणं नव्हतं. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. मला दोन भाऊ, तरी मी माझ्या अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळलं. वारा दादाच्या घराकडनं इकडं होता. नरेश काय तरी म्हणाला, आणि दादा हसला, कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसला. हसू दे. देवा, दोघांना असंच एका पंगतीला बसव. माझं पान नसलं तरी चालेल.