पतिव्रता लाइन

नाही हो, इंजिन बिघडलेलं नाही. सिग्नलही मिळालाय कधीचा. गाडी माझ्यासाठी थांबलीय. खोटं वाटतं ना? बघा त्या खिडक्यांकडे, एक तरी माणूस चिडलेला दिसतोय? तुम्ही एकटेच उतरून विचारायला आलात, म्हणजे या लाइनला नवे. बसा असे. मी चढून बसल्याशिवाय गार्ड हिरवी झेंडी दाखवत नाही, आणि मी आज चढणार नाही — हळू बोला, तो इकडेच बघतोय — मला या बाजूची गाडी धरायचीय, मेन लाइनची, येईलच आता. धाकट्या बहिणीकडे निघालेय. चार दिवसांसाठी नव्हे, राहायलाच. तिनं मागची खोली रिकामी करून ठेवलीय माझ्यासाठी. तिकीट काढलंय, पिशवी भरलीय, ही काय पायाशी. फक्त त्या गार्डला 'जा बाबा तू' एवढं म्हणायचं राहिलंय. मघापासून तेवढंच जमत नाहीये.

गाडीनं काय म्हणून थांबायचं? अहो, तिचं नावच तसं पडलंय. आमच्याकडे सरळ नावानं लाइन कुणी ओळखतच नाही. कारखान्याकडे जाते ती 'जावईबापू' — उशिरा येणार, आली की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, आणि निघता निघता पुन्हा एकदा रुसून थांबणार. खाणीकडची आहे ती 'विचारून सांगते' — दर सिग्नलला उभी, स्वतःच्या मनानं एक पाऊल टाकेल तर शपथ. ही मेन लाइन म्हणजे 'शिष्ट', दोन मिनिटं थांबते नि कुणाकडे बघतसुद्धा नाही. आणि आमची ही पूर्वी नुसती 'गोगलगाय' होती. आता 'पतिव्रता'. हसा हो, संकोच कसला! सगळे हसतात. हळू चालते, मान वर करत नाही, एकाच रुळावरून जाते आणि त्याच रुळावरून परत येते, कुणाला ओलांडून म्हणून पुढे जायची नाही. तिकिटाच्या खिडकीशी लोक बिनदिक्कत म्हणतात, "दोन पतिव्रता द्या, आणि एक अर्धी." एकदा मी मागेच उभी होते — तो माणूस वळला, मला बघितलं, आणि बिचाऱ्यानं चटकन कान धरले. कारण नाव गाडीला असलं तरी पडलंय ते माझ्यावरून.

आमचे हे इथल्या मोठ्या इस्पितळात होते. फुप्फुसाचं दुखणं, वर्षानुवर्षं चाललेलं. रोज सकाळी डबा घेऊन या गाडीनं मी यायची, दुपारी परत. उशीर झाला तर गाडी थांबायची, मी रुळांच्या कडेनं धावत यायची, एकदा चप्पल तुटली ती तिथेच टाकून तशीच धावले — डब्यातल्या बायकांच्या डोळ्यांना पाणी! काय ही ओढ म्हणे, काय हे प्रेम! ओढ कसली? डबा निवला की तो भिंतीवर जायचा. भिंतीवर म्हणजे... भिरकवायचे हो. मग नर्सबाईंच्या देखत मी फरशी पुसायची. आजारी माणूस चिडका होतो, चालायचंच. आजार नव्हता तेव्हाही चिडकेच होते म्हणा, तेव्हा फरशी घरची होती, एवढाच काय तो — हे तुम्हाला का सांगत बसले मी? सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं कधी. विसरून जा. ऐकलंच नाही असं समजा.

ते गेले. पाहुणेरावळे आले, पांगले. आणि एके सकाळी मी झोपले होते, लग्नानंतर पहिल्यांदा, ऊन अंगावर येईपर्यंत, कूस बदलून पुन्हा झोपले होते — तर शिट्टी. घर स्टेशनला लागून. शिट्टीवर शिट्टी. दार उघडलं तर ड्रायव्हर, गार्ड आणि तिकीटबाबू, तिघंही टोप्या हातात घेऊन पायरीशी उभे. "मावशी, तुम्हाला मागे ठेवून गाडी हलवायला हात होईना." आणि तो ड्रायव्हर, एवढा थोराड माणूस, रडत होता हो! रडणाऱ्याला काय सांगणार मी, की बाबा रे, मला झोपायचंय? पदर सावरला आणि चढले. म्हटलं, एक दिवस, त्यांच्या समाधानासाठी.

तो एक दिवस अजून संपलेला नाही. तो ड्रायव्हर निवृत्त झाला, ते गार्ड बदलून गेले — पण जाणारा गार्ड येणाऱ्याच्या हाती चार्ज देतो ना, त्यात शिट्टी असते, दिवा असतो, दोन झेंड्या असतात, आणि मी असते. "ह्या आपल्या मावशी." झालं, सही शिक्क्याशिवाय मी पुढच्याच्या ताब्यात. दिवसभर काय करते? हा बाक. लोक समजतात, मी इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. त्या फाटकाकडे मी फिरकलेसुद्धा नाही! इथे बसून शिष्ट गाड्यांमधली माणसं बघते — कुठे कुठे जात असतात एकेक. आणि परतीच्या वाटेवर डोळे मिटून नाव घेत बसते. देवाचं. तर बायका शेजारणीला कोपर मारून सांगतात, "बघ गं, नवऱ्याचं नाव घेतेय!" आता बोला. ज्याच्यापाशी मोकळं व्हावं, त्या देवालाही मला चोरून भेटावं लागतं. मागणं तरी माझं केवढं? संपत्ती नको, मान नको. तू सर्वांची बंधनं तोडतोस म्हणतात, तर माझा एवढा मान तेवढा काढून घे. तो ऐकतो आणि गप्प राहतो. त्यालाही बहुधा कुणी सोडत नसेल.

मध्यंतरी ही लाइन बंद करायला मोठे साहेब आले होते. लोकांनी मला पुढे उभं केलं. साहेबांनी वाकून माझ्या पायांना हात लावला, म्हणाले, "आई, ही लाइन मी कोणत्या तोंडानं बंद करू?" टाळ्या पडल्या. आणि माझ्या मनात काय आलं असेल? — अरे, कर की बाबा! तेव्हापासून तर बोलायलाच नको. कॉलेजातल्या मुली, दूधवाले, दवाखान्यात जाणाऱ्या बाळंतिणी, जो तो म्हणतो, मावशी, तुम्ही आहात म्हणून गाडी आहे. असं म्हटल्यावर माणसानं मरायचं तरी कसं?

आज मात्र ठरवून निघाले. पिशवी बघून गार्डनं सकाळी विचारलंच. म्हटलं, यांचे जुने कपडे आहेत, इस्पितळात द्यायचेत कुणा गरजूला. सुचलं ते बोलले. आत माझीच पातळं आहेत आणि — थांबा, उतरला तो. इकडेच येतोय. बरंच झालं, सांगूनच टाकते. तुम्ही काही बोलू नका मध्ये.

ये बाबा, ये. अरे, मी आज — काय? ही? नाही रे, ही राहू दे, जड नाही ती — ऐक तरी — काय म्हणालास? नाही देववले? ... हो. हो रे. फाटकापर्यंत गेले आणि... नाही देववले. नाही रे, तू कशाला डोळे पुसतोस, वेड्या? होईल, पुढेमागे होईल मन. बरं, ने. वर ठेव फळीवर. आलेच मी.

बघितलंत? तोंड उघडलं होतं मी! खोटं माझं, मीच बांधलेलं, आणि तो किती मायेनं उचलून घेऊन गेला — छातीशी धरून नेतोय बघा, जसं काही लेकरूच आहे. आता त्याला हाक मारून कोणत्या जिभेनं सांगू, की अरे त्यात माझे परकर आहेत?

ही आली. आली ना वेळेवर? हिला कुणाची पर्वा नाही, म्हणून वेळेवर येते. काय? तशीच जाऊ? पिशवीशिवाय? ... तिकीट आहे की कमरेला. धाकटीची पातळं मला होतात तशी. खरंच की हो. चार पावलांवर तर दार आहे. धरा जरा हात, गुडघा आखडलाय बसून बसून — हां. सोडा आता. चालते मी.

आमच्या गाडीच्या त्या खिडकीत ती बाई पोराला उचलून धरतेय. त्याचा हात हातात घेऊन हलवतेय, 'मावशीला बोलाव, बोलाव' म्हणून. सगळा डबा खिडकीशी आलाय. मी या दारात पाय ठेवला तर ती सगळी तोंडं... त्यांनी एवढ्या प्रेमानं सांभाळलंय हो आमच्या ह्यांना. मी एकदा पोचवून आले, ही माणसं अजून जगवताहेत.

शिट्टी. नाही, आमची नव्हे, हिची.

थांबत नाही ती कुणासाठी. चांगलं आहे.

गेली.

तुम्ही काय असे माझ्याकडे बघत उभे राहिलात? धावा, गाडी भरलीय, उभ्यानं जावं लागेल. माझी काळजी नको. माझ्या जागेवर कुणी बसत नाही.