बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही

...आणि वर मलाच म्हणतात, एवढं काय झालं, दोरीच तर सोडली. दोरीच तर! तुम्हाला सांगतो, मी मागच्या अंगणात सराव करून आत येतो, धनुष्य क्षणभर टेबलावर ठेवतो, हात धुवायला जातो, आणि तेवढ्यात जो कोणी पाहुणा बसलेला असेल तो ते उचलतो, दोरी कानापर्यंत ओढतो, एक डोळा मिटतो आणि... टण्ण. माझ्या हातातला साबण खाली पडतो.

अहो, बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही. बाण असला की सगळा जोर बाणाबरोबर निघून जातो. नसला तर त्या जोराने जायचं कुठे? तो लाकडातच परत शिरतो, आणि लाकूड चाळीस-पन्नास वर्षांचं म्हातारं, ते उभं फाटतं. हे मी आमच्या भावजींना समजावून सांगितलं. ताईचे यजमान, अंगाने दांडगे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बाण दे." बैठकीच्या खोलीत. समोर ताई बसलेली.

बरं, मी जमवलेली धनुष्यं सगळी जुनी आणि आखूड, टोकं पुढच्या बाजूला वळलेली. आखूड म्हणजे खेळण्यातली नव्हेत हो. उलट आखूड धनुष्य फार खडूस, बोट जरा इकडचं तिकडे झालं की बाण शेजारच्या पपईत. पण आईचं आपलं एकच. "लग्नाच्या वयाचा मुलगा, आणि खेळतो काय, तर तिरकमठा. तोही लहान मापाचा."

माझं काम सोफे दुरुस्तीचं. जुना कपडा फाडायचा, स्पंज बदलायचा, नवा कपडा ताणून ठोकायचा. तर एका आजींकडे सोफा उचलायला गेलो, आणि सोफा हलवला तर मागे भिंतीला टेकून एक आखूड धनुष्य उभं... काय सांगू, लालसर लाकूड, पांढरी टोकं, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मी सोफ्याचं एक टोक हातात धरून तसाच उभा. दुसरं टोक धरलेला आमचा कारागीर ओरडतोय, "अरे चल ना, पाठ गेली माझी."

आजी एकट्याच राहायच्या. आजोबांचं असणार, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. विचारायचं तर परक्यासमोर तोंड उघडावं लागतं, आणि ते मला जमत नाही. शाळेतही फळ्यापाशी बोलावलं की घाम फुटायचा, म्हणून तर शाळा लवकर सुटली. पण आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शोभेला टांगणार असशील तर इथंच बरं आहे. चालवणार असशील तर ने. रविवारी येते बघायला. नाही जमलं तर परत नेईन."

रविवारी. बघायला. तुम्हाला सांगतो, मी एकटा असलो की बाण कसा रेशमासारखा जातो. पण कुणी बघत असलं, अगदी मांजर जरी बघत असलं, तरी तो शेजारच्या पपईत.

रविवारी सकाळी मी अंगणात जुन्या स्पंजांचा निशाणा नीट करत होतो, तर आतून बाबा हसत आले. बाबा पंपांचे फिटर होते, निवृत्त झाल्यापासून घरात दुरुस्त करायला काही उरलेलंच नाही. म्हणाले, "तुझं काम करून टाकलं. आजींच्या धनुष्याला दोरी चढवली. अजिबात जोर लागला नाही बघ."

जोर कसा लागेल? दोरी उतरवली की ही धनुष्यं आधीच एका बाजूला कमानीसारखी वाकतात. बघणाऱ्याला वाटतं, हेच ते. पण त्यांना उलट्या बाजूला वाकवून दोरी चढवायची असते! बाबांनी चढवली दिसायला सुलट्या बाजूने, म्हणजे उलटी. आणि चेहरा किती आनंदी! मी दोरी उतरवली, कापसाचा बोळा घेतला आणि लाकडावरून हलके फिरवला. कुठे चीर असली की कापूस अडकतो. बाबांना तोवर उमगलं. ते माझ्या खांद्यावरून वाकून कापूस बघत राहिले, श्वास रोखून. नाही अडकला. बाबा म्हणाले, "मी आत बसतो. आता कशाला हात लावत नाही."

आजी आल्या. खुर्ची मांडली. बाबा खिडकीत, आई दारात. मी दोरी चढवली, नीट, आणि उभा राहिलो. ओढली. कान गरम झाले, एकाचे दोन निशाणे दिसायला लागले, म्हटलं, देवा, सुटू दे एकदाचा...

"थांब," आजी म्हणाल्या. "बाण कुठाय?"

बाण डब्यात होता. मी! भावजींना धडे देणारा मी! हळूहळू दोरी जागेवर आणली. आजी उठल्या, "आण इकडे," म्हणाल्या, पदर खोचला, बाण लावला, ओढला, आणि सोडला. स्पंजाच्या मधोमध, थप्प.

"हे... तुमचं?"

"मग कुणाचं? आमचे हे सहा फूट उंच, त्यांना एवढंसं कसं पुरणार? ते बाण वेचायचे." मग दोरीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ते गेल्यावर वेचायला कुणी नव्हतं, म्हणून सोफ्यामागे ठेवलं. घे आता, तू मार."

तोंड उघडंच राहिलं होतं, त्या नादात घाबरायचं राहून गेलं. मारला. लागला. आजी म्हणाल्या, "जमतंय तुला. ठेव." पण ठेव म्हणताना त्यांनी माझ्या हातातून ते परत घेतलं होतं, आणि अंगठा मुठीवरच्या खळग्यात बरोबर बसला होता. तो खळगा त्याच अंगठ्याने पडलेला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर, कुणी न विचारता, मोठ्याने बोललो. "आजी, तुम्हीच न्या. बाण मी वेचतो."

आता आजी दर रविवारी धनुष्य घेऊन येतात. परवा भावजींनी ते उचलून दोरी ओढली, तर आजी नुसतं म्हणाल्या, "बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही." भावजींनी हळूच खाली ठेवलं. "हो आजी," म्हणाले. मी इतकी वर्षं काय सांगत होतो?

त्या धनुष्यासाठी भिंतीवर मी एक नवा खिळा ठोकला होता. बाबा रोज विचारतात, "तो खिळा काढून भोक बुजवू का?" म्हटलं, राहू द्या बाबा. घरात तेवढी एक जागा रिकामी चालेल.