कापायला कम्प्युटर, पण सुचायला?

...चाळीस पानं, आणि चाळीसच्या चाळीस सारखी! तुमाला सांगतो, अरे, पिंपळाची पानं हायत का पोलीस भरती? मी सदानंद, तीस वर्षं किन्हवलीच्या आजूबाजूला लाकडी दारं कोरतोय, आणि आमच्या नव्या विहाराचं दार कोण करणार? तर माझा भाचा दीपेश! म्हणजे तो पण नाय... त्याच्या मुरबाडच्या कारखान्यातला कम्प्युटर!

विहार कमिटीचा अध्यक्ष नरेंद्र, मला बोलतो कसा, "दादा, तुमाला महिना लागंल, मशीन एका दिवसात कोरते. उद्घाटन आठ दिवसांवर आलंय!" बरं, कापू दे ना! कापायला कम्प्युटर, मान्य! पण सुचायला?

तडक मुरबाडची एसटी पकडली. दीपेश स्क्रीन दाखवतो, "मामा, एक पान काढलं, बाकी कॉपी-पेस्ट." मी बोललो, "तुझी आई पण एकच भाकरी थापून बाकीच्या पेस्ट करते का रे?" मग विहारामागच्या पिंपळाखाली दोन दिवस बसलो... कोवळं पान, वाळकं पान, वाऱ्यानं दुमडलेलं, किड्यानं खाल्लेलं, चाळीस काढली पेन्सिलीनं! दीपेश बघतो, "मामा, हे भोक पुसू?" "पुसून तर बघ! त्या किड्याचं पोट भरलंय तिथं!"

पोरानं पुसलं नाय हां. चित्रं स्कॅन केली, सागाची फळी मशीनवर चढवली, आणि... खोटं कशाला बोलू, पाच तासांत कोरून मोकळी! तिथं उभ्या उभ्या माझे डोळे भरले. दीपेशला सांगितलं, भुसा गेला. तरी सांगतो, कापायला कम्प्युटर, मान्य! पण सुचायला?

दार बसलं. गाव लोटलं. म्हातारी ठकीआत्या पानांवरनं हात फिरवते, "बाय गो, हे तर आपलंच झाड!" माझी छाती ही एवढी! तेवढ्यात नरेंद्र माइकवर, "कम्प्युटरला काय सुचलंय बघा!" मी उठणार, तर माझ्याआधी दीपेशच ओरडला, "चित्रं माझ्या मामानं काढली!" सगळे वळले. नरेंद्र माइकवरच बोलला, "म्हंजे... दादांना कम्प्युटर येतो?"

टाळ्या! आता टाळ्यांत माझं कोण ऐकतंय?

तवापासून रोज सकाळी तीन-चार जण मोबाइल घेऊन हजर. "सदादादा, चार्ज होत नाय, बघा ना जरा." बघतो. काय करणार... काल तर एक चालू पण झाला!