स्टेजवरच्या सात खुर्च्या

बसने सावदा मागे टाकलं, तरी पुढच्या सीटवरच्या टोपीवाल्या नानांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मागे बसलेल्या यास्मिनने पुस्तक उघडलं होतं, पण कान पुढेच होते.

“पुष्पा, समईजवळ काडीपेटी ठेवली का मी?”

“ठेवली. तिसऱ्यांदा विचारता तुमी.”

“आन दहावीत पयली आलेल्या पोरीची ट्रॉफी?”

“सामानाच्या खोलीत. कुलूप लावलं म्हने ना तुमी?”

“लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे. बस वेळेवर पोचली पाहिजे.”

“पोचेल हो. बत्तीस वर्षं शाळेत शिपायाची नोकरी केली, एक कार्यक्रम चुकला नाही. आज पोरांच्या बक्षिसांसोबत तुमचाबी सत्कार आहे. आज तरी सुखानं बसा.”

“बसतो ना. स्टेजवर समईपासून खुर्च्यांपर्यंत बठ्ठं तयार आहे. काल सात खुर्च्या स्वतः पुसून मांडल्या.”

“सात कोनाच्या?”

“अध्यक्ष, सेक्रेटरी, हेडसर, सरपंच आन बाहेरचे तीन पाहुने.”

“आन तुमी?”

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खिशातली किल्ली चाचपली.

“गेल्या गेल्या आनतो एक. किल्ली माझ्याजवळच आहे.”