कालवलेलं ताट आणि कर्नलचा गाभारा

मंडळी, ऐका! मला सांगा — मनातलं सगळं एकदम ओतावं, की थोडं थोडं वाढावं? काकू लगेच म्हणाल्या, "एकदम!" काका खाली बघतायत!

तर सांगलीत ऊर्मिला गोसावी नावाची मुलगी. वडील विनायकराव दृष्टिहीन. त्यांच्याकडे ब्रेलची पाटी — कॉम्प्युटरला जोडली की ठिपके वर येतात, बोटांनी वाचायचं. नवा कॉम्प्युटर आला आणि पाटी मुकी! त्याला पाटीची भाषाच येईना! सगळे वाचून दाखवायचे. विनायकराव चिडायचे, "दाखवू नका रे! मला *वाचायचंय*!"

लेकीनं दुभाषी लिहिला, पाटीचं कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम. त्याला म्हणतात ड्रायव्हर. तो बसतो कर्नलमध्ये. लष्करातला नव्हे हो! हा कॉम्प्युटरचा गाभारा, जगभरची माणसं मिळून लिहितात तो. आणि गाभाऱ्याच्या दाराशी तपासनीस, ओटोभाऊ; कुणी काही लिहून पाठवलं की तपासून मगच आत घेणारा. परदेशातला, पण माझ्या कीर्तनात आला की मराठीच बोलतो!

ऊर्मिलेनं सगळं एकाच गाठोड्यात पाठवलं. नवा दुभाषी, जुन्या चुकांची दुरुस्ती, वर दुसऱ्याच्या कोडची झाडलोट! ओटोभाऊ म्हणाला, "ताई, तुकडे करा. यात चूक निघाली तर काढू काय, ठेवू काय?"

ताईंना आला राग! केल्या चिंध्या! पहिल्या तुकड्यात नवऱ्याला हाक — आणि नवरा जन्मतो पाचव्या तुकड्यात! म्हणजे पहिला तुकडा जे वापरतो, तेच पाचव्यात लिहिलेलं! गाभारा कोसळेल नाही तर काय? पुन्हा परत!

"सोडते मी हे, बाबा," ती रडवेली झाली.

विनायकराव जेवत होते. म्हणाले, "पोरी, सगळं कालवून वाढलंस तर मला कळेल का काय कुठंय? आणि भात आज, वरण उद्या, असं वाढलंस तर जेवण होईल का? वरण-भात एकत्र वाढ. लोणचं बाजूला."

झालं! दुभाषी अख्खा एका तुकड्यात. दुरुस्ती वेगळी. झाडलोट वेगळी. प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा! ओटोभाऊनं तिन्ही घेतले.

पाटी जोडली. ठिपके वर आले — आणि म्हातारा स्वतःच्या बोटांनी पेपर वाचत मोठ्यानं हसला हो! मग म्हणाला, "आता गप्प बसा सगळे!"

आता तुमचं! आमटीत मीठ जास्त पडलं, की तुम्ही बाहेर काय काढता? तिचं माहेर! लग्नातला मानपान! अहो, मिठाचं बोला ना, फक्त मिठाचं! आणि आज घरी जाऊन म्हणा, "चुकलं माझं." एवढंच. पुढं 'पण' जोडलात — तर अख्खी माफी परत येईल!